कोळवणचें पाणी आणि अनुदानाचा अर्ज

आपल्या धर्मशास्त्रांत यज्ञयागांस 'इष्ट' आणि विहिरी, तळीं, बागा व धर्मशाळा बांधण्यास 'पूर्त' असें म्हटलें आहे. आणि दोहोंचें पुण्य एकत्र सांगतांना 'इष्टापूर्त' हा एकच शब्द योजिला आहे. पाण्याची सोय करणें हें कर्म पूर्वजांनीं यज्ञाच्या पंक्तीस नेऊन बसविलें, यावरून त्यांना त्याची महती किती वाटत होती हें दिसून येतें. अठराव्या शतकांत कात्रजचें पाणी पुण्यांत खेळविणारे नानासाहेब पेशवे काय किंवा देशभर घाट व बारवा बांधणाऱ्या अहिल्याबाई होळकर काय, यांचें काम याच सदरांत पडतें. मात्र त्या काळीं खजिना आणि इच्छा या दोन्ही गोष्टी एकाच हातांत असत. आज तसें नाहीं. खजिना सरकारचा, कंपनीचा किंवा परदेशी निधीचा. ओढा मात्र गांवाचा. या दोहोंची गांठ घालून देणारा कागद म्हणजे अनुदानाचा अर्ज. तो कोणाकडे धाडावा, त्यांत काय लिहावें आणि मुख्य म्हणजे कोणतें वचन द्यावें, याचा विचार आम्ही येथें करणार आहों. आणि तो हवेंत न करितां मुळशी तालुक्यांतील कोळवणच्या खोऱ्यास धरून करणार आहों. कारण आमच्या पुष्कळ वाचककुटुंबांचा त्या बाजूशीं अलीकडे जमीनजुमल्याचा संबंध आलेला आहे.

खोऱ्याची ओळख

पुण्याहून पौडास जाऊन तेथून वायव्येकडे वळलें कीं कोळवणचें खोरें लागतें. उत्तरेस तिकोना किल्ला, भोंवतीं सह्याद्रीच्या सोंडा, आणि मधून वाहणारी वळकी नदी. हाडशी, चिखलगांव, काशिग, भालगुडी अशीं लहान गांवें तिच्या व तिच्या ओढ्यांच्या आश्रयानें वसलीं आहेत. वळकी मुळेस मिळते, मुळा पुण्याच्या संगमावर मुठेस भेटते, मुळामुठा भीमेंत आणि भीमा कृष्णेंत जाते. म्हणजे हाडशीच्या डोंगरावर पडलेला थेंब अखेर पूर्वसमुद्रास पोंचतो. वाटेंत त्यानें किती दिवस खोऱ्यांत मुक्काम करावा, एवढाच काय तो प्रश्न आहे.

तो प्रश्न लहान नाहीं. या भागांत पाऊस उदंड पडतो. भाताचीं खाचरें तुडुंब भरतात. इंद्रायणी आणि आंबेमोहोर यांचा वास शिवारांत दरवळतो. आणि त्याच भागांत चैत्र-वैशाखांत विहिरी तळ गांठतात व बायाबापड्यांना हंडे घेऊन दूर जावें लागतें. असें कां व्हावें? याचें उत्तर पायाखालच्या खडकांत आहे. दख्खनचा काळा पाषाण हा थरांवर थर रचून झाला आहे. त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या भागांत जेवढें पाणी मावेल तेवढेंच सांठतें. घट्ट थरांत तें शिरत नाहीं. वरचा भाता भरला कीं बाकीचें पाणी ओढ्यावाटें निघून जातें. डोंगराच्या कुशींत जेथें भेगाळ थर उघडा पडतो तेथें झरा फुटतो. झऱ्याखालीं ओल धरणारी दलदलीची पट्टी असते. ती पट्टी ओढ्यास पाणी पुरविते. झरा, दलदल, ओढा, खाचर आणि विहीर हे एकाच कुटुंबांतले पांच जण आहेत. यांपैकीं एकास दुखविलें तर इतरांस झळ लागल्याशिवाय राहत नाहीं.

कोळवणचें खोरें या बाबतींत अभ्यासकांस अपरिचित नाहीं. पुण्याच्या 'गोमुख' या न्यासानें, डॉ. विजय परांजपे यांच्या पुढाकारानें, एकेक गांव सुटें न घेतां वळकीचें सबंध खोरें हा एक घटक धरून येथें काम केलें. पुढें २००२ ते २००५ या काळांत ब्रिटिश सरकारच्या अर्थसाहाय्यानें भूजल पुनर्भरणाचा जो अभ्यास झाला, त्यासाठीं हिंदुस्थानांतून निवडलेल्या जागांत गुजराथेंतील सतलासणा व तामिळनाडूंतील कोइमतूर यांच्या जोडीला कोळवणचें खोरें होतें. येथील काम पुण्याच्या 'अॅक्वाडॅम' या भूजलशास्त्रज्ञांच्या संस्थेनें केलें. म्हणजे अनुदानाचा पैसा या खोऱ्यास अगदींच नवखा नाहीं. नवें आहे तें येथील जमिनीचें रूप. शिवारांत कुंपणें आलीं, टेकड्या कापून रस्ते आले, सुटीच्या घरांपुढें हिरवळी आल्या, आणि हिरवळीस पाणी देण्यासाठीं कूपनलिका आल्या.

कायद्याची व्याख्या आणि गांवाचें पाणी

पाणथळ जागांच्या रक्षणासाठीं इराणांतील रामसर येथें २ फेब्रुवारी १९७१ रोजीं आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यांत १९८२ सालीं सामील झाला. महाराष्ट्रांतील नांदूरमध्यमेश्वर, लोणार सरोवर आणि ठाण्याची खाडी यांस रामसरचा मान मिळाला आहे. २००८ सालीं तर या कराराच्या सभासद राष्ट्रांनीं भाताचीं खाचरें हींही पाणथळ जागाच होत, असें मान्य करून त्यांतील जीवसृष्टीच्या रक्षणाचा ठराव केला.

परंतु आपल्याकडील २०१७ च्या पाणथळ-संरक्षण नियमांतील व्याख्या वाचली म्हणजे कोळवणच्या माणसास बुचकळ्यांत पडावें लागतें. त्या व्याख्येंतून नदीचें पात्र वगळलें आहे, भाताचीं खाचरें वगळलीं आहेत, आणि पिण्यासाठीं वा सिंचनासाठीं मुद्दाम बांधलेले तलावही वगळले आहेत. आतां कोळवणच्या खोऱ्यांत या तिहींपलीकडे पाणी म्हणून दिसतें तें किती? झऱ्याभोंवतालची दलदल, माळावरचीं लहान डबकीं, एवढेंच. आकारानें तीं इतकीं लहान कीं नकाशांतही येत नाहींत. उपग्रहाच्या साहाय्यानें देशाच्या पाणथळ जागांचा जो नकाशासंग्रह झाला त्यांत सव्वादोन हेक्टरांहून लहान जागांची स्वतंत्र आंखणी झाली नाहीं. सारांश, खोऱ्याचें आयुष्य ज्या पाण्यावर चालतें तें जवळजवळ सगळें या नियमांच्या दाराबाहेर उभें आहे.

म्हणून अर्जदारानें पहिली गोष्ट ही ध्यानांत ठेवावी कीं, 'पाणथळ संरक्षण' असें नांव घालून केलेला अर्ज केवळ नांवामुळें परत येऊं शकतो. तेंच काम पाणलोट, पिण्याचें पाणी, झऱ्यांचें पुनरुज्जीवन किंवा जैवविविधता या नांवानें खरेंही असतें आणि ग्राह्यही ठरतें. कायद्याचा आधार मात्र अगदींच नाहीं असें नव्हे. २८ जानेवारी २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यांत, गांवाचें सामाईक तळें बळकावून त्यावर घरें बांधणें हें पैसे भरून नियमित करून घेतां येणार नाहीं, असा स्पष्ट निर्णय दिला. हा निर्णय प्रत्येक ग्रामपंचायतीच्या दप्तरीं असावा.

पैशाचीं दारें

आतां पैसा कोठें आहे तें पाहूं. केंद्र सरकारनें २०१३ सालीं तलाव व पाणथळ जागा यांच्या दोन योजना एकत्र करून जलीय परिसंस्थांची एक राष्ट्रीय योजना केली. तींत खर्चाचा वांटा सर्वसाधारणपणें केंद्राचा साठ व राज्याचा चाळीस असा असतो, व प्रस्ताव राज्य सरकारमार्फत जावा लागतो. हें दार मोठ्या सरोवरांचें. एकट्या गांवानें तेथें टकटक करण्यांत फारसा अर्थ नाहीं.

दुसरें दार कंपन्यांचें. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानें, ठराविक मर्यादेहून मोठ्या कंपन्यांस आपल्या मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यांतील किमान दोन टक्के रक्कम समाजकार्यास लावणें भाग आहे. नैसर्गिक साधनसंपत्तीचें, मातीचें व पाण्याचें रक्षण हें त्या कार्यांच्या यादींत आहे. आणि कंपनी ज्या भागांत काम करते त्या भागास तिनें प्राधान्य द्यावें असेंही कायदा सांगतो. हिंजवडीची संगणकनगरी मुळशी तालुक्यांतच आहे, हें येथें मुद्दाम सांगावेंसें वाटतें. ज्या तालुक्याची जमीन घेतली त्याच तालुक्याच्या ओढ्यासाठीं मागणें यांत भीक कसली? मात्र हा पैसा घेणारी संस्था नोंदलेली असावी लागते, आणि १ एप्रिल २०२१ पासून तिनें कंपनी खात्याकडे त्यासाठीं निराळी नोंदही करावी लागते.

तिसरें दार परदेशी निधीचें. जागतिक पर्यावरण निधीची लहान अनुदानांची योजना १९९२ पासून चालू आहे. ती मुख्यतः स्थानिक संस्थांसाठीं असून कित्येक वर्षें एका प्रकल्पास ५०,००० डॉलर ही तिची कमाल मर्यादा होती. पश्चिम घाटासाठीं संकटग्रस्त परिसंस्थांच्या दुसऱ्या एका भागीदारी निधीनें २००८ ते २०१५ या काळांत बंगळूरच्या 'अत्री' या संस्थेमार्फत अनुदानें दिलीं. परंतु परदेशी पैसा घेण्यास २०१० च्या कायद्याखालीं नोंदणी हवी. आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेनें घेतलेला असा पैसा दुसरीस देतां येत नाहीं, व कार्यालयीन खर्च वीस टक्क्यांवर नेतां येत नाहीं. नव्या, लहान मंडळानें या वाटेस न लागलेलेंच बरें.

चौथें दार घरचें, म्हणजे ग्रामपंचायतीचें. २००२ च्या जैवविविधता कायद्यानें प्रत्येक स्थानिक संस्थेंत जैवविविधता समिती असावी व तिनें लोकांच्या माहितीची नोंदवही करावी असें ठरविलें. ही वही पुष्कळ ठिकाणीं कपाटांत पडून असते. पण झरे, दलदली, डोह, मासे, बगळे, औषधी वनस्पती यांची नीट नोंद असलेली वही ही कोणत्याही अर्जाची पहिली पुरवणी होऊं शकते, आणि तिला पैसा लागत नाहीं. म्हातारीकोतारी माणसें आणि शाळेंतलीं मुलें एवढें भांडवल पुरे.

पैसा येण्यापूर्वींची परीक्षा

अनुदान देणारा काय पाहतो? आमच्या मतें या बाबतींत महाराष्ट्रानेंच एक उत्तम धडा घालून दिला आहे. १९९२ सालीं सुरू झालेल्या भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमांत गांवानें अर्ज केला कीं लगेच रक्कम मिळत नसे. गांवकऱ्यांनीं आधीं श्रमदान करून दाखवावें, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी मान्य करावी, मग थोड्या क्षेत्रावर वर्ष-दीड वर्ष काम करून आपली पात्रता सिद्ध करावी, आणि त्यानंतरच पूर्ण प्रकल्पाचा पैसा गांवाच्या पाणलोट समितीच्या व साहाय्यक संस्थेच्या जोडखात्यांत यावा, असा दंडक होता. फादर हर्मन बाखर हे या योजनेचे प्रवर्तक. अहिल्यानगर जिल्हा (तेव्हांचा अहमदनगर) ही तिची कर्मभूमि. अमेरिकेंतही पाणथळ रक्षणाच्या १९८९ च्या कायद्याखालीं सरकारी एका डॉलरास अर्जदारानें निदान एक डॉलर स्वतः उभा करावा लागतो. तत्त्व एकच: मागणाऱ्याचा हात आधीं मातीनें भरलेला असावा.

या कसोटीस उतरण्याचा सोपा मार्ग कोळवणसारख्या गांवास उपलब्ध आहे. पाऊस ओसरल्यावर, आश्विन-कार्तिकांत ओढा वाहता असतांनाच, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून वनराई बंधारा घालावा. त्यास खर्च जवळजवळ नाहीं. दोन वर्षें असे बंधारे घालून, त्यांचीं छायाचित्रें व तारखा ठेवून केलेला अर्ज हा नुसत्या सुंदर भाषेंतील अर्जाहून दसपटीनें बोलका असतो.

दुसरी गोष्ट मोजमापाची. झऱ्याचें पाणी मोजण्यास यंत्र लागत नाहीं. बादली आणि घड्याळ पुरतें. पंधरा लिटरची बादली तीस सेकंदांत भरली तर झरा सेकंदास अर्धा लिटर देतो, म्हणजे दिवसास ४३,२०० लिटर. ग्रामीण भागासाठीं माणशीं पंचावन्न लिटरांचें जें सरकारी प्रमाण आहे त्या हिशेबानें हें पाणी सुमारें ७८५ माणसांचें होतें! पाहा, ज्यास आपण 'किरकोळ झिरपा' म्हणतों तो एका गांवाची तहान भागवूं शकतो. अशी नोंद दर महिन्याच्या ठराविक तारखेस, आणि विहिरींची खोली दोरीस वजन बांधून त्याच दिवशीं, अशी वर्षभर ठेवली म्हणजे अर्जांतील 'पाणीटंचाई आहे' हें मोघम वाक्य जाऊन तेथें आंकडा येतो. आणि काम झाल्यावर फरक पडला कीं नाहीं हेंही त्याच वहींतून सिद्ध होतें.

तिसरी गोष्ट मालकीची. सातबाराच्या उताऱ्यांत लागवडीस अयोग्य जमिनीस 'पोटखराब' असा शब्द आहे. त्यांतील 'ब' वर्गांत सार्वजनिक उपयोगाच्या वाटा, तळीं व ओढे येतात. शब्द असा कीं ऐकणारास वाटावें, ही टाकाऊ जमीन. वस्तुतः तीच खोऱ्याची नाडी होय. अर्जास गांवनकाशा, ओढ्याकांठचे गट क्रमांक, त्यांवरील पोटखराबाची नोंद, खातेदारांचीं संमतिपत्रें आणि ग्रामसभेचा ठराव जोडलेला असावा. या कागदांवांचून उत्तम योजनाही पहिल्याच तंट्यांत अडकते.

पैशापासूनचा धोका

येथें एक कटु गोष्ट सांगितली पाहिजे. अनुदान नसल्यानें जेवढे ओढे मेले, तेवढेच कदाचित् अनुदान आल्यानेंही मेले असतील. पैसा आला कीं तो आर्थिक वर्ष संपण्यापूर्वीं खर्च करावयाची घाई होते. आणि घाईंत सर्वांत सोपें काम म्हणजे यंत्र लावून ओढा सरळ, रुंद व खोल करणें. वांकणें गेलीं, डोह गेले, कांठचीं उंबर-करंजाचीं झाडें गेलीं, तळाची वाळू गेली. उरला तो एक चर. पाऊस आला कीं त्यांतून पाणी पूर्वींहून वेगानें पळतें. कोठें कोठें खोदतांना पाणी धरणारा थरच फुटतो. महाराष्ट्रांत २०१४ ते २०१९ या काळांत जलयुक्त शिवार अभियान राबविलें गेलें. २०२३ मध्यें त्याचा दुसरा टप्पा सुरू झाला. पहिल्या टप्प्यावर सुमारें ९,६३३ कोटी रुपये खर्च होऊनही भूजलपातळी वाढण्यावर त्याचा परिणाम अल्प झाला, असा अभिप्राय महालेखापरीक्षकांनीं २०२० सालीं दिला. कोठें कोठें चांगलें कामही झालें असेल. पण खडकाचा थर न पाहतां केलेली खोदाई ही नाडी न पाहतां दिलेल्या औषधासारखी होय.

याकरितां अर्जांत दोन कलमें अवश्य असावींत. पहिलें: बंधाऱ्याची किंवा चराची जागा भूजलशास्त्र जाणणाऱ्या माणसानें खडक पाहून ठरवावी. दुसरें: काम पुरें झाल्यावर पांच वर्षें गाळ कोण काढील, फळ्या कोण घालील व काढील, आणि त्याचा खर्च कोठून येईल. केंद्र सरकारनें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या पहिल्या जलाशय-गणनेंत देशांत २४,२४,५४० जलाशय मोजले गेले, व जलसंधारणाच्या बांधकामांत महाराष्ट्र सर्वांच्या पुढें निघाला. बांधण्यांत आपण पहिले आहों. सांभाळण्यांत कितवे आहों, हा प्रश्न गणनेंत विचारलेला नाहीं.

आपल्या घरांचा संबंध

आतां आम्ही आमच्या वाचकांकडे वळतों. एकत्र कुटुंबाची वांटणी झाली तरी विहीर सामाईक राहते आणि तिच्या पाळ्या कागदांत लिहिल्या जातात, हें आपल्यापैकीं कित्येकांस ठाऊक आहे. ओढा हा सबंध खोऱ्याचा अविभक्त वांटा होय. मुळशींत दहा-वीस गुंठे घेऊन टुमदार घर बांधणाऱ्या सुशिक्षित गृहस्थानें कुंपण घालतांना ओढ्याची कड आंत घेतली, दलदल 'डांस होतात' म्हणून मुरुमानें भरली, किंवा हिरवळीसाठीं खोल कूपनलिका मारली, तर खालच्या अंगास राहणाऱ्या कुटुंबाच्या विहिरीचा तो वांटा घेतो. त्यास हें कळत नसतें, कारण तो फक्त रविवारीं येतो. आणि विहीर आटते ती सोमवारपासून शनिवारपर्यंत.

याच गृहस्थाजवळ गांवास हवी असलेली एक वस्तु मात्र भरपूर असते: कागद वाचण्याची व लिहिण्याची संवय. अर्जाचे नमुने, अंदाजपत्रक, खर्चाचा ताळेबंद, इंग्रजीतील पत्रव्यवहार या कामांवर गांवाचीं मंडळें नेहमीं अडतात. आपल्या घरांत बँकेंतून वा सरकारी कचेरींतून निवृत्त झालेले काका असतात, हिशेब चोख ठेवणाऱ्या मामी असतात, नकाशे काढूं शकणारा पुतण्या असतो. यांनीं महिन्यांतील एक दिवस दिला तर एखाद्या गांवाचा अर्ज उभा राहील. पण तेथें पुढारीपण मिरवावयास जाऊं नये. झरा कोणत्या महिन्यांत आटतो, पूर्वीं कोठें फुटत असे, कोणत्या खाचरांत पौषापर्यंत ओल राहते, हें ज्ञान गांवच्या माणसांजवळ, आणि त्यांतही पाणी वाहणाऱ्या बायकांजवळ असतें. ग्रामसभेंत त्यांनीं बोलावें आणि आपण लिहून घ्यावें, हीच योग्य वांटणी होय.

हें कार्य मनांत असलेल्यांस आम्ही एक कालक्रम सुचवितों. पुढच्या चैत्रांत झरे व विहिरी यांची पहिली मोजणी करावी. भर पावसांत ओढ्याच्या कांठानें उगमापासून वळकीपर्यंत चालून यावें, कारण पाणी कोठून येतें व कोठें अडतें हें तेव्हांच दिसतें. आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेंत तो नकाशा मांडावा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेंत ठराव व संमतिपत्रें घ्यावीं. त्यानंतरच्या पंधरवड्यांत पोत्यांचा पहिला बंधारा घालावा. मार्गशीर्षापर्यंत अर्ज लिहून होईल. आणि ज्यांची त्या खोऱ्यांत जमीन आहे त्यांनीं पहिलें संमतिपत्र स्वतःचें द्यावें: आपल्या कुंपणाच्या आंत आलेली ओढ्याची कड मोकळी करून.